समलिंगी विवाह: कायद्याच्या वादात सप्तपदी कशाला?

चिंचपोकळीकर

साखरपुड्याच्या पंगतीत हा विषय निघायला नको होता, पण निघाला. मामांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि निकाल दिला, "लग्न हा संस्कार आहे. विषय संपला." मला वाटतं, विषय तिथेच सुरू होतो.

समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांवर मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, त्यातही मामाच बोलत होते. हिंदूंमध्ये विवाह हा संस्कार, मुसलमानांमध्ये करार, पण दोन्हीकडे जोडी स्त्री-पुरुषाचीच. त्याच महिन्यात संघाचे दत्तात्रेय होसबाळे म्हणाले की विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. मुस्लिम उलेमांची संघटना जमियत उलेमा-ए-हिंदही विरोधात उतरली. एरवी एकमेकांच्या सावलीला न उभी राहणारी मंडळी एका बाकावर आली. एकाचं म्हणणं, करार नाही म्हणून नको. दुसऱ्याचं, करार असला तरी नको.

न्यायालयाने सुरुवातीलाच धर्मागणिक वेगळे असलेले व्यक्तिगत कायदे बाजूला ठेवले आणि सुनावणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरती ठेवली. या कायद्यात ना होम, ना काझी. नोंदणी अधिकारी आणि तीन साक्षीदार. त्याचा पूर्वज १८७२ चा. त्याखाली लग्न करायचं तर 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' असं लिहून द्यावं लागे. ज्या दाराशी धर्म काढून ठेवायची रीत होती, त्याच दारात उभं राहून सप्तपदीची आठवण कशाला?

पाटावरवंटा

धर्म दाराशी काढून ठेवायला ती काय चप्पल आहे? माणूस मत देतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचे संस्कारही येतात. तुमची 'समता' चालते, मग माझं पितृऋण, म्हणजे मूल होऊन वाडवडिलांचं ऋण फेडणं, का नाही?

संस्कार हा शब्द मामांच्या घरचा नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, हेही सुनावलं.

दुसरं. संमतिवयाच्या कायद्यावरून टिळकांना आजही बोल लावतात. १८९१ मधला त्यांचा मुख्य आक्षेप होता तो परक्या सरकारने आमच्या घरात हात घालण्याला. सुधारणा आपण करू, आपल्या रीतीने. इथेही तेच. संसद आहे ना? मग पाच न्यायमूर्तींनी का ठरवावं?

चिंचपोकळीकर

२०२४ चा निकाल माझ्याच पथ्यावर पडतो. तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याबद्दल आहे. संस्कार तिकडे, नोंदणी इकडे, हेच तर मी म्हणतोय.

आणि पितृऋण फेडायची अट असेल तर साठीनंतरच्यांचे वधूवर मेळावे बंद करा. पाचव्या दशकात याच 'संस्कार अतूट आहे' या मुद्द्यावर हिंदू कोड बिलातल्या घटस्फोटाला केवढा विरोध झाला! बिल रखडलं म्हणून आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. आज तुमच्या-माझ्या नात्यात घटस्फोट झालेले आहेत, आणि संस्कार बुडाला म्हणून कोणी सुतक पाळलेलं मला तरी आठवत नाही.

संसदेचा मुद्दा मात्र वजनदार आहे. फक्त तो धार्मिक मुद्दा नाही. तो घ्यायचा तर पितृऋण खाली ठेवा.

कट्ट्यावरचा

अहो, शिखंडी विसरलात? बृहन्नडा? मोहिनी? आपल्या परंपरेत सगळं होतं, हे विरोधाचं वेड इंग्रजांनी आणलं!

चिंचपोकळीकर

आमच्याच बाजूचे आहात म्हणून हात जोडून सांगतो, हे नको. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांचं, १८६० चं, हे खरं. ते या संबंधांपुरतं २०१८ मध्ये गेलं. पण बृहन्नडा काढलीत की समोरचा मनुस्मृती काढणार. मग पोथीला पोथी, आणि ज्याला घर भाड्याने हवंय तो बसलाय बाहेर.

मांडवीकाठ

आमच्या गोव्याचं सांगतो. इथे १८६७ ची पोर्तुगीज संहिता. हिंदू असो की ख्रिस्ती, लग्नाची नोंद सरकारदरबारी. गंमत अशी की ज्यांच्याकडून ही संहिता आली त्या पोर्तुगालने २०१० मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. देश कॅथलिक. मे महिन्यात पोप बेनेडिक्ट येऊन गेले आणि काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष काव्हाको सिल्व्हा यांनी, स्वतःला पटत नसताना, विधेयकाला मंजुरी दिली. अडवलं तरी संसद पुन्हा मंजूर करणार हे त्यांना दिसत होतं. चर्चने आपला विरोध सोडला नाही, आणि चर्चमध्ये अशी लग्नं लावायची सक्तीही झाली नाही. आमच्याकडे मात्र १९६१ ला घड्याळ थांबलं ते थांबलंच.

पाटावरवंटा

बघा, तिथेही संसदच!

वकिलीण

दोघांचंही थोडं चुकतंय. चिंचपोकळीकर, विशेष विवाह कायदा तुम्ही समजता तितका धर्माबाहेर नाही. १९७६ मध्ये त्यात कलम २१अ आलं. दोघंही हिंदू असतील तर या कायद्याखाली लग्न करूनही वारसाहक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच. म्हणजे एका दाराने धर्म बाहेर, दुसऱ्याने आत. या कायद्याचे धागे इतर कायद्यांत इतके गुंतलेत की नुसता 'पुरुष', 'स्त्री' शब्द बदलून भागत नाही, ही अडचण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ठळक होती.

पाटावरवंटा, निकाल तुमच्या 'संस्कारा'वर लागला नाही. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जण एकत्र. नागरी सहजीवनाला (लग्नाऐवजी नुसती कायदेशीर जोडी) मान्यता आणि दत्तक यावर ३ विरुद्ध २, त्यात सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. आता खरंच चेंडू संसदेत आहे, आणि तिथे तो कोणी उचलत नाही.

चिंचपोकळीकर

२१अ माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य. दार मला वाटलं तेवढं बंद नाही.

पुणे_५२

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. मी आणि तो, अकरा वर्षं एका घरात. घरमालकाला 'मावसभाऊ' सांगितलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. खातं उघडलं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे वकिलीणबाई सांगतीलच. त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर सही करायला त्याची बहीण नाशिकहून यायची वाट बघत बसलो होतो.

धर्माचं म्हणाल तर आई दर श्रावणात आम्हा दोघांना सत्यनारायणाला बसवते. पहिल्या वर्षी भटजींनी विचारलं, "यजमानीण?" आई म्हणाली, "हे दोघं बसतील, तुम्ही संकल्प सांगा."

पाटावरवंटा

चेष्टा नाही, खरंच विचारतो. गोत्र कोणाचं सांगितलं?

पुणे_५२

दोन्ही. दक्षिणाही दोन घेतल्या.