प्र: कुंडीतला बुटका लार्च नोव्हेंबरमध्ये पूर्ण निष्पर्ण झाला, तो मेला का?

आपण इंग्लंडमधील अंगणातल्या ‘ब्लू ड्वार्फ’ या जपानी लार्चचे वर्णन केले आहे, त्यावरून झाड मेले असावे असे मला वाटत नाही. लार्च सूचिपर्णी असला तरी पानगळीचा वृक्ष आहे. शरद ऋतूत त्याच्या निळसर हिरव्या सुया सोनेरी पिवळ्या होऊन गळतात आणि हिवाळाभर केवळ काड्या उरतात. खात्री करायची असल्यास एखाद्या कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवा थर दिसला, तर झाड जिवंत आहे. फांद्यांवरील गाठींसारख्या आखूड फुटव्यांतून वसंतात सुयांचे झुबके पुन्हा उमलतील. (माझ्या शेजाऱ्यांनी असेच एक झाड जानेवारीत उपटून टाकले, याची हळहळ मला अजून वाटते.)

खरी काळजी कलमाची घ्यावी. हे वाण बहुधा साध्या लार्चच्या खुंटावर (म्हणजे मुळे असलेल्या खालच्या रोपावर) बांधलेले असते आणि जोडाखालून जोमदार, सरळ धुमारे फुटले की ते मुळाशीच काढून टाकावे लागतात, कारण खुंट मूळचा मोठ्या वृक्षाचा असल्याने ते वाढू दिल्यास बुटके कलम मागे पडते. जागा भरपूर उन्हाची असावी. कुंडीतील माती उन्हाळ्यात कोरडी पडू देऊ नये, मात्र तळाशी पाणीही साचता कामा नये. दुष्काळ आणि दलदल ही दोन्ही लार्चला सारखीच बाधतात.