मरळ, चिलापी आणि कधीमधी जिताडा : एकच स्वस्त आणि मस्त रॉड घ्यायचा तर कोणता?

सिंहगड_रोडवाला

नमस्कार मंडळी. आतापर्यंत हातदोरीने गळ टाकतोय, आता पहिला रॉड घ्यायचाय. रॉड, रीळ, दोरी सगळं मिळून बजेट ५,००० रुपये. जाणं होतं पानशेत-वरसगावच्या बाजूला, कधी भिगवणला, आणि वर्षातून दोनदा रेवदंड्याला खाडीवर. मुख्य मासा मरळ. सोबत चिलापी, जमलं तर शिवडा आणि खाडीत जिताडा.

व्हिडिओंमध्ये सगळे ‘बास रॉड’ (बास या परदेशी माशासाठीचा रॉड) दाखवतात. आपल्या धरणांत बास नाही, तरी तोच रॉड इथे चालेल का? लांबी किती घ्यावी? मीडियम की मीडियम हेवी? दुचाकीवर नेता यावा म्हणून टेलिस्कोपिक (तुकडे एकात एक सरकून मिटणारा) घ्यायच्या विचारात आहे.

मुठेकाठचा

बास रॉड इथे अगदी चालतो, आणि त्याला कारण आहे. बास आणि मरळ यांची शिकारीची पद्धत सारखी. दोघेही पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि वरून जाणाऱ्या बेडकावर, लहान माशावर झडप घालतात. त्यामुळे बाससाठी बनवलेली खोटी आमिषं, म्हणजे रबरी बेडूक, चमचा (चकाकणारी धातूची पट्टी), सॉफ्ट प्लास्टिक हे सगळं मरळीला लागू पडतं. जिताडा तर इंग्रजीत एशियन सी बासच म्हणवतो.

माझं मत: ७ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड (रीळ दांडीच्या खाली लटकतं तो). टेलिस्कोपिकचा विचार सोडा.

आधी पॉवर आणि ॲक्शन यांतला फरक समजून घ्या, कारण दुकानात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो; मीडियम, मीडियम हेवी ही पॉवर. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड वरच्या तिसऱ्या भागात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट रॉड मध्यापर्यंत वाकतो. मरळीचं तोंड हाडाचं असतं आणि बेडकाचे दोन्ही गळ वर वळलेले, रबराला चिकटून असतात. झटका दिल्यावर रबर दबून ते तोंडात रुतायला हवेत. रॉड मऊ असेल तर तुमचा सगळा झटका रॉड वाकण्यातच जिरतो, मासा दोन सेकंद ओढतो आणि सुटतो. लोक गळ बोथट म्हणून दोष देतात, दोष बहुतेक वेळा दांडीचा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुठीच्या थोडं वर दांडीवर आकडे छापलेले असतात, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. उदाहरणार्थ ‘ल्युअर १०–२८ ग्रॅम, लाइन १०–२० पौंड’, म्हणजे आमिषाचं वजन आणि दोरीची ताकद. काही रॉडवर वजन औंसात असतं: पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा १४, पाऊण २१, एक औंस २८. रबरी बेडूक साधारण १० ते १८ ग्रॅमचे येतात, म्हणजे या रॉडच्या आकड्यांत बसतात. कोणताही रॉड मधल्या वजनाला सर्वांत लांब फेकतो. १०–२८ च्या रॉडवर ४ ग्रॅमचा जिग (शिसाचं डोकं असलेला गळ) लावला तर दांडी वाकतच नाही आणि आमिष समोरच पडतं. उलट ५० ग्रॅमचं शिसं लावून जोरात फेकलं तर एक दिवस टोक जाणार. आणि वजन धरताना आमिष अधिक शिसं असं एकत्र धरायचं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

७ फूट अशासाठी की धरणाचा काठ उतरता आणि खडकाळ असतो, मागे करवंदीची नाहीतर घाणेरीची झुडपं. ६ फुटीने फेक कमी पडते, ९ फुटी मागे अडकतो आणि दिवसभर फेकून मनगट भरून येतं.

टेलिस्कोपिकमध्ये चार-पाच सांधे असतात. काठावरची वाळू सांध्यात शिरली की ते एकतर बंद होत नाहीत, नाहीतर ऐन झटक्याला आत सरकतात. दोरी ओवायच्या कड्या बहुधा प्रत्येक तुकड्याच्या टोकालाच असतात, म्हणून संख्येने कमी. मग रॉड वाकला की दोरी दांडीला घासते. ७ फुटी रॉडला टोकाची धरून निदान ७-८ कड्या हव्यात. दोन तुकड्यांचा ७ फुटी रॉड मिटला की साडेतीन फुटांचा होतो. अडीच इंची पीव्हीसी पाइप ११० सेंटिमीटर कापून घ्या, दोन्ही बाजूंना टोपणं लावा, दुचाकीला आडवा नको, उभा किंवा पाठीवर तिरका बांधा. काम झालं.

भिगवणकर

मुठेकाठचा यांच्याशी बाकी सगळं पटतं, मीडियम हेवीबद्दल नाही. उजनीच्या पाणलोटात चिलापीही करायची असेल तर हा रॉड जड पडतो. पाव-अर्ध्या किलोची चिलापी तरंडीवर (पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर), गांडूळ किंवा कणकेच्या गोळीवर घेतात. तिचं तोंड लहान आणि ओठ मऊ. ताठ रॉडने झटका दिला की ओठ फाटून येतो. शिवाय हलकी तरंडी १० ग्रॅमच्या खाली असते, ती फेकलीच जात नाही.

मीडियम, ७–२१ ग्रॅम, लाइन ८–१७ पौंड, लांबी तीच ७ फूट. यावर १२-१५ ग्रॅमचा बेडूक आरामात जातो, उघड्या पाण्यात चमचाही जातो, आणि चिलापीही होते.

मुठेकाठचा

उघड्या पाण्याला मीडियम पुरेल, मान्य. पण जलपर्णीत किंवा दाट शेवाळात दीड-दोन किलोची मरळ लागली की ती खाली मुळांत घुसते. पहिल्या तीन-चार सेकंदांत तिचं डोकं वर आणता आलं नाही तर दोरी गुंडाळली जाते आणि मासा गेलाच. तिथे मीडियम कमी पडतो.

सिंहगड_रोडवाला, तुम्ही मुख्य मासा मरळ म्हणालात म्हणून मी मीडियम हेवीवर ठाम आहे. चिलापीसाठी याच रॉडवर १० ग्रॅमची मोठी तरंडी लावा, दोरी पातळ वापरा आणि झटका न देता नुसती दोरी ताणा. होतं काम, मजा थोडी कमी येते इतकंच.

तंगूस_आणि_शिसं

रॉडच्या बरोबरीने दोरीवर बोलायला हवं. तंगूस म्हणजे साधी नायलॉनची दोरी ताणली जाते, २५-३० मीटरवर झटका दिला तर झटक्याचा बराच भाग ताणातच संपतो. मरळीसाठी वेणीची दोरी म्हणजे ब्रेडच घ्या, ३० पौंडी. ती साधारण ०.२८ मिलिमीटर जाडीची असते.

ब्रेड गुळगुळीत असते, रिकाम्या स्पूलवर (रिळाच्या दोरी गुंडाळायच्या चकरीवर) थेट गुंडाळली तर आख्खा गुंडाळाच स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग (मासा ओढताना दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडलाय असं वाटतं. म्हणून आधी १०-१५ मीटर साधा तंगूस गुंडाळा, त्याला डबल युनी गाठीने ब्रेड जोडा. स्पूलच्या काठाखाली २-३ मिलिमीटर जागा ठेवा. जास्त भरली तर फेकताना वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरली तर फेक तोकडी पडते.

पुढे ५०-६० सेंटिमीटर जाड तंगूसाचा लीडर (दोरी आणि आमिष यांमधला तुकडा), ४० पौंडी. मरळीचे आणि शिवड्याचे दात ब्रेड झिजवतात, आणि जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. जिताडा उतरवताना कल्ल्याला हात लावू नका.

रीळ २५०० किंवा ३००० मापाचं. बजेट असं वाटा: रॉडला २,००० ते २,५००, रिळाला दीड-दोन हजार, उरलेल्यात दोरी आणि दोन बेडूक. बेअरिंग किती आहेत यावर जाऊ नका. हँडल उलटं फिरतंय का ते पाहा, मागे जराही खेळ नको.

ड्रॅग घरीच लावून घ्या. ३० पौंडी दोरी आहे म्हणून ड्रॅग घट्ट आवळू नका, कारण रॉड २० पौंडांचा, म्हणजे साधारण ९ किलोचा आहे. त्याचा पाव भाग, सव्वादोन किलोच्या आसपास. एक-एक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या एकत्र बांधा, दोरी रॉडमधून न घालता थेट रिळावरून बाटल्यांना बांधा आणि रीळ हातात धरून उचला. बाटल्या जेमतेम उचलल्या जाऊन हळूच दोरी सुटू लागली की ड्रॅग बरोबर. हाच प्रयोग रॉडने करू नका, टोक मोडेल.

सिंहगड_रोडवाला

खूप आभार सगळ्यांचे. मीडियम हेवीच घेतो. दोन शंका: दुकानात रॉड हातात आल्यावर काय काय पाहू? आणि बेटकास्टिंग रीळ (दांडीच्या वर बसणारं) जास्त चांगलं म्हणतात ते खरं का?

मुठेकाठचा

बेटकास्टिंग जाड दोरीला आणि अचूक फेकीला चांगलं, पण स्वस्त रिळाचं ब्रेक बेभरवशाचं असतं. स्पूल आमिषापेक्षा जोरात फिरला की दोरीचं घरटं होतं. या बजेटात आणि पहिल्याच रॉडला स्पिनिंग घ्या. रॉड आणि रीळ एकाच प्रकारचे हवेत हे मात्र लक्षात ठेवा: स्पिनिंगच्या कड्या खाली आणि पहिली कडी मोठी, बेटकास्टिंगच्या वर आणि लहान. मुठीला मागे बोटाचा खटका असेल तर तो बेटकास्टिंगचा रॉड आहे.

दुकानात दोन्ही तुकडे जोडा आणि बंदुकीचा नेम धरतात तसं मुठीकडून टोकाकडे पाहा. दांडी सरळ, कड्या एका रेषेत. सांधा पूर्ण घट्ट बसल्यावरही थोडी फट राहिली तर घाबरू नका, बऱ्याच रॉडना ती मुद्दाम ठेवलेली असते. पण हलवल्यावर ‘टक टक’ आवाज आला तर तो रॉड परत द्या. मग कानात घालायची कापसाची काडी प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचा धागा अडकला की आतल्या सिरॅमिकला चीर आहे, ती ब्रेड कापणार. रीळ बसवून पाहा, स्क्रू आवळल्यावर हलता कामा नये. वाक पाहायचा तर टोकाच्या कडीतून दोरी ओवून दुकानदाराला ती हळू ओढायला सांगा. हाताने टोक धरून वाकवू नका आणि छताला टेकवून तर मुळीच नाही, कार्बनला तिथेच न दिसणारी चीर जाते.

शुद्ध कार्बन हलका आणि हाताला जास्त सांगणारा, पण खडकावर आपटला की गेला. नवख्याला ग्लास आणि कार्बन मिसळलेला रॉड बरा. अग्ली स्टिक जीएक्स२ याच जातीचा. त्याच्या कड्या अखंड स्टीलच्या आहेत, आत सिरॅमिक नाही, त्यामुळे निखळायला काही नाही. थोडा जड लागतो. बजेटात बसला तर घ्या, नाही बसला तर याच आकड्यांचा दुसरा कोणताही.

वरसगाव_वारा

सामान घेण्याआधी एक गोष्ट. धरणांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. काठावरच्या गावात विचारून संस्थेची परवानगी घ्या. खडकवासल्याला एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला जाऊच नका, लष्करी हद्द आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे कुणी धरत नाही.

आणि कळकळीने सांगतो, पावसाळ्यात पाण्यावर मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, बेडकावर ते भुकेने नाही तर चिडून येतात. ते उचलले की पिलावळ इतर माशांच्या पोटात जाते. महसीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात हा मासा वाढवून पाण्यात सोडण्याचं काम किती वर्षं चाललंय, ते वाया जाऊ नये.

भिगवणकर

रॉड मोडण्याची कारणंही लिहून ठेवतो, कारण मासा रॉड क्वचितच मोडतो.

एक, मासा काठाशी आल्यावर रॉड उभा डोक्यामागे नेणं. तेव्हा सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो. रॉड ४५ अंशांच्या आसपास ठेवा, स्वतः दोन पावलं मागे जा, आणि मासा जाळीने किंवा हाताने घ्या, रॉडने उचलू नका. दुसरं, सैल सांधा. फेकून फेकून वरचा तुकडा हळूहळू बाहेर सरकतो आणि पुढच्या फेकीला खालच्या तुकड्याचं तोंड चिरतं. दर अर्ध्या तासाने हाताने दाबून पाहा. आतल्या टोकाला मेणबत्ती घासली की पकड चांगली राहते. अडकला तर पिळू नका, रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून घट्ट पकडा आणि गुडघे फाका, सरळ सुटतो.

रेवदंड्याहून आलात की त्याच रात्री साध्या पाण्याने हलकं धुवा, कड्यांची मुळं आणि रिळाची बैठक विशेष. रिळावर जोराचा फवारा मारू नका, मीठ आत ढकललं जातं. आणि कार्बनमधून वीज वाहते. पानशेत रस्त्याला, भिगवणच्या शेतांत तारा खाली लोंबतात. तिथून चालताना रॉड आडवा धरा, आणि विजा चमकायला लागल्या की रॉड खाली ठेवून काठापासून लांब व्हा.