मदत हवी आहे: गेमिंगसाठी केलेलं पडकं शहर पावसाळ्यात वाकलं आणि रंग म्हणजे नुसता चिखल झालाय

पोहेबाज:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय, आधीच माफी मागतो.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. आम्ही चौघं मित्र रविवारी बोल्ट ॲक्शन खेळतो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा टेबलावरचा वॉरगेम, २८ मिमीचे सैनिक, मोजायला टेप आणि मूठभर फासे. दोन वर्षं हिरव्या चादरीखाली जाड पुस्तकं सारून त्यालाच टेकडी म्हणत होतो, मग एकाच्या डोक्यात आलं की आता शहर पाहिजे, आणि शहर म्हणजे स्टालिनग्राडच, १९४२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातलं, जळके कारखाने, विटांचे ढीग वगैरे. बर्फ पडायच्या आधीचं घेतलं कारण बर्फ करायची माझी हिंमत नाही. आणि करायचं कोणी, तर मी, कारण माझ्याकडे गच्ची आहे.

५.५ मिमीची ८ बाय ४ फुटी एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली) शीट आणली, दुकानातच २ बाय २ चे आठ तुकडे करून घेतले. टेबल ६ बाय ४ चं, म्हणजे सहा टाइल लागतात आणि दोन अदलाबदलीला. प्रत्येक टाइलवर रस्ता कडेच्या बरोबर मधोमध निघतो, ५ इंच रुंद, त्यामुळे कुठलीही टाइल कशीही फिरवा, रस्ता रस्त्याला मिळतो आणि दोन टी-३४ रणगाडे आरामात शेजारून जातात. एवढी एक गोष्ट मात्र मनासारखी जमली. इमारती ५ मिमी सनबोर्डच्या (हलका फोमचा बोर्ड), मजला ३ इंच, आणि मजले सुटे उचलता येतात, नाहीतर आत अडकलेला सैनिक काढायला चिमटा घेऊन बसावं लागलं असतं. (पुढेमागे आमचा इंदूरचा राजवाडा करायचं स्वप्न आहे, सात मजले, म्हणजे ३ च्या हिशोबाने २१ इंच झाले, पण ते नंतर.)

आता रडगाणं.

रस्त्यासाठी फेविकॉलात भरपूर पाणी घालून ते टाइलभर पसरलं, वर चहाच्या गाळणीने बारीक रेती चाळली, वाळल्यावर परत पातळ फेविकॉल. जूनमध्ये एकदम झकास. मग टाइल दिवाणाखाली गेल्या, पाऊस लागला, आणि ऑगस्टमध्ये काढून बघतो तर सगळ्यांचे चारी कोपरे वर, ताटलीसारखे. सगळ्यात वाईट टाइलचा कोपरा मोजला, ९ मिमी उचललाय. दोन टाइल शेजारी ठेवल्या की रस्त्यात पायरी तयार होते, रणगाडा तिथे झुलतो. वरून वजन ठेवून आठ दिवस दाबल्या, वजन काढलं की दुसऱ्या दिवशी परत तेच.

दुसरं म्हणजे रंग. विटांना लालसर रंग दिला, रस्ता करडा, मग व्हिडिओत बघून तपकिरी-काळा ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला आणि तो वॉश सगळीकडे ओतला. म्हणजे अक्षरशः सगळीकडे. आता सगळं शहर एकाच चिखलात बुडवून काढल्यासारखं दिसतंय. भिंत, छप्पर, रस्ता, सगळ्याचा एकच रंग, वर फेविकॉलची चमक. मित्र म्हणतो हे स्टालिनग्राड नाही, हे चॉकलेट आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मारलेल्या शहरात राहून मी लोकांना विचारतोय की घाण कशी करायची, यावर घरी पुरेसे जोक झालेत, इथे नको.

थर्माकोलच्या ढिगाऱ्यावर स्प्रे प्राइमर मारला आणि तो डोळ्यांसमोर विरघळला, ते माझंच अज्ञान, त्यावर प्रश्न नाही. आणि जमवलेली बाटल्यांची झाकणं, औषधाची पाकिटं, बिघडलेल्या प्रिंटरची चाकं, हा सगळा कच्चा माल आईने सुका कचरा म्हणून सकाळच्या गाडीत दिला, त्यावरही इलाज नाही.

तर टाइल सरळ होतील का, की फेकून परत पहिल्यापासून? आणि हा चिखल वाचवता येईल का? बजेट फार नाही, बाहेरून मागवायचे वेदरिंगचे, म्हणजे वस्तू जुनी-मळकी दाखवायचे, पावडर-रंग बघितले, एका छोट्या बाटलीत आमच्या चौघांचे रविवारचे पोहे-जलेबी होतात.

ठिपकेदार:

थ्रीडी प्रिंट कर ना भिया, एवढं कशाला

पोहेबाज:

प्रिंटर तू दे, भिया.

बडोद्याची रूळवाली:

फेकू नकोस! मी वॉरगेमवाली नाही, माझं मॉडेल रेल्वेचं आहे, बडोद्याला एका खोलीत रूळ पसरलेत आणि नवरा म्हणतो खोली रेल्वेची आणि आपण पाहुणे. पण वाकणं मी सगळं भोगलंय.

तू एमडीएफला एकाच बाजूने पाणी पाजलंस. वरची बाजू प्यायली, फुगली, मग वरचा फेविकॉल वाळताना आक्रसला आणि त्याने ती बाजू आत ओढली, म्हणून कोपरे वर आले. खालची बाजू कोरी, ती पावसाळी हवा पीतच राहिली, ती फुगली की वाक अजून वाढतो. नुसतं वजन ठेवून काही होणार नाही कारण ओढणारा थर तिथेच आहे. त्याला उलट्या बाजूने ओढणारा दुसरा थर द्यायचा.

इमारती सुट्या आहेत ना? मग टाइल जुन्या रजईवर पालथी घाल, रेती खरवडणार नाही. पाठीवर ओल्या स्पंजने पाणी फिरव, ओघळ येईल इतकं नाही. मग तुझ्या त्याच पातळ फेविकॉलचा एक हात सगळीकडे सारखा. आता मधला भाग टेकाडासारखा वर असेल, त्यावर वजन ठेव, पण फेविकॉल आणि वजन यांच्यामध्ये प्लास्टिक घाल नाहीतर वजनासकट चिकटेल (मला विचार). दोन दिवस सावलीत, उन्हात अजिबात नाही. एका हाताने भागलं नाही तर दुसरा.

सरळ झाली की लगेच पाठीला लाकडी पट्ट्यांची चौकट मार, १ इंच रुंद, अर्धा इंच जाड, आणि मध्ये एक आडवी. गोंद आणि बारीक स्क्रू दोन्ही, आणि स्क्रूची लांबी आधी मोज, नाहीतर रस्त्यातून टोकं वर येतील. मग पाठ आणि चारही कडा ऑइल प्राइमरने बंद कर. कडा विसरू नकोस, एमडीएफ सगळ्यात जास्त पाणी कडेनेच पितं. नवीन टाइल केलीस तर हे सगळं रेती टाकायच्या आधी. आणि कडा रस्त्याच्याच रंगात रंगव, कोऱ्या पिवळट राहिल्या तर फट उगाच मोठी दिसते.

पोहेबाज:

ताई, डोक्यात उजेड पडला. कडा तर कोऱ्याच आहेत माझ्या. एकच शंका, चौकट मारली तर दोन टाइल एकमेकींना धरून कशा ठेवायच्या? चुंबक लावू का? ५ बाय २ मिमीचे निओडिमियम पडलेत घरी.

बडोद्याची रूळवाली:

लाव, पण रस्त्यासारखंच चुंबकांचंही गणित कर. टाइल कशीही फिरायला पाहिजे तर प्रत्येक कडेच्या मध्यापासून सारख्या अंतरावर दोन, कडेकडे तोंड करून बघितलं तर डावीकडे उत्तर ध्रुव बाहेर, उजवीकडे दक्षिण. दोन टाइल समोरासमोर आल्या की डाव्यासमोर उजवा येतो, म्हणजे कधीच ढकलत नाहीत. मार्करने खूण करून मगच चिकटव. इतक्या छोट्या चुंबकांनी टाइल फक्त जागेवर राहतील, टेबलाला धक्का लागला तर सरकणारच.

नेपथ्यवाला:

मी हा खेळ खेळत नाही, पण इंदुरात हौशी मराठी नाटकांचे सेट रंगवण्यात बरीच वर्षं गेली, आणि नवा प्लाय जुना वाडा दाखवायचा हेच आमचं काम, म्हणून बोलतो.

तुझी चूक रंगाची नाही, तू पाणी कुठून येतं याचा विचारच केला नाहीस. घाण सगळीकडे सारखी कधीच बसत नाही. पाऊस थांबला की कुठल्याही जुन्या घरासमोर पाच मिनिटं उभा राहा आणि बघ, खिडकीच्या चौकटीच्या दोन खालच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ निघतात, मधून नाही. छज्जाच्या खाली वरचा पट्टा कोरडा आणि फिका राहतो. पाइप गळतो तिथे हिरवट, लोखंडी सळई बाहेर आली की तिच्या खाली गंजाची रेघ. जमिनीलगत वीतभर धूळ आणि चिखलाचे शिंतोडे. आणि तुझ्या शहराला आग लागली होती ना? मग काजळी खिडकीच्या वर, खाली नाही, धूर वर जातो. हे मी पोरांना शंभरदा सांगतो तरी दर नाटकात कोणीतरी खिडकीखाली काळं फासतंच.

चिखल वाचेल. तो आता तुझा अस्तराचा रंग समज. वर स्पंजच्या तुकड्याने, टिपटिप करत, विटांचे दोन-तीन वेगळे लाल, सगळीकडे नाही, मध्ये मध्ये जुना दिसू दे. मग जवळपास कोरड्या ब्रशने फिका रंग, फक्त वरच्या कडांवर आणि तुटलेल्या टोकांवर. तुमचा प्रेक्षक वरून बघतो, माझा समोरून, म्हणून तुझ्याकडे भिंतींपेक्षा मजल्यांच्या कडा आणि रस्ता आधी डोळ्यात भरणार, जास्त वेळ तिथे घाल. ओघळ शेवटी, बारीक ब्रशने वरून खाली, आणि लगेच ओल्या बोटाने खालचं टोक पुसून टाक.

महागडी पावडर कशाला? गंजाला गेरू घे. खडा कुटून दोनदा चाळ. काजळीला कोळशाची पूड, विटांच्या धुळीला खरीच वीट फोड. हे सगळं मऊ ब्रशने कोरडंच लाव, मग वरून लांबून मॅट वार्निशचा हलका फवारा, तुझी चमकही त्यातच मरेल. फवाऱ्याने पावडर थोडी गडद होते आणि थोडी गायब होते, म्हणून आधी जरा जास्त लाव. आणि उघडं थर्माकोल असेल तिथे हा फवारा नको, तुला अनुभव आहेच.

ढिगाऱ्याचं अजून एक. पडलेली वीट त्याच भिंतीची असते. लाल भिंतीखाली करडा ढीग मी तुझ्या फोटोत बघितला, तो ट्रकने आणून टाकल्यासारखा वाटतोय.

पोहेबाज:

काका, दंडवत. करडा ढीग कारण करडा रंग उरला होता, पकडलंत. पण ढिगाऱ्यावर सैनिकही उभे राहत नाहीत, २५ मिमीचा गोल बेस घसरतो.

नेपथ्यवाला:

आमच्याकडे नटाला चढायचं असेल तर खडकात गुपचूप पायऱ्या करतो. तूही कर. सनबोर्डचे रुपयाच्या नाण्याएवढे, थोडे मोठेच तुकडे ढिगात आडवे बसव, पडलेल्या स्लॅबसारखे दिसतील.

पोहेबाज:

बारा दिवसांनी परत आलोय. सगळ्यात वाईट टाइलवर प्रयोग केला. पाठीला दोन हात लागले, ९ मिमीचे २ मिमी राहिले, चौकट मारल्यावर तेही गेले. एक स्क्रू रस्त्यातून वर आला, ताईंनी सांगूनसुद्धा, त्यावर आता मॅनहोल आहे. चुंबक सात बरोबर आणि एक उलटा लागलाय, खूण केली होती पण टाइल पालथी असताना डावं-उजवं उलटतं हे लक्षात आलं नाही.

रंगाचं, एक कारखाना पूर्ण केला. गेरूने कमाल केली. काजळी मात्र पहिल्या दोन खिडक्यांना खालीच लावली गेली, सवयीने, मग तिथे आता वरच्या मजल्याचा भिंतीचा तुकडा पडलेला आहे. चॉकलेट म्हणणारा मित्र काल आला आणि न विचारता फोटो काढत बसला.

बाकीच्या सात टाइलना अजून दोन रविवार जातील. एक शेवटचा प्रश्न, गेरू चाळलेली मैद्याची चाळणी कशाने साफ होते? चार वेळा धुतली, पाणी अजून लालच येतंय आणि आईला उद्या लागणार आहे.

बडोद्याची रूळवाली:

नवीन आण.