सुकटी, सुजवटी, क्वाशिओरकर

विचारणा : शाळेच्या पुस्तकात कुपोषणाचे ‘सुकटी’ आणि ‘सुजवटी’ असे प्रकार होते. आता अंगणवाडीच्या कागदांवर नुसतं सॅम (तीव्र कुपोषण) आणि मॅम (मध्यम कुपोषण). जुने शब्द बाद झाले का? आणि माझ्या अनुवादात आलेला ‘क्वाशिओरकर’ मूळ कुठला?

प्रतिसाद : बाद नाहीत, कामं वेगळी आहेत. सॅम-मॅम तीव्रता सांगतात : सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर सॅम, 11.5 ते 12.5 मध्ये असेल तर मॅम. सुकटीत (मरास्मस) हाडं-कातडी उरते, कुणालाही कळतं. सुजवटी (क्वाशिओरकर) फसवी. अंगात पाणी साचून गाल भरलेले दिसतात, वजनही फार घटलेलं दिसत नाही, आणि घरचे म्हणतात बाळसं धरलंय! म्हणून कुपोषणामुळे दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर दंडघेर काहीही येवो, मूल सॅमच धरतात.

प्रतिसाद : क्वाशिओरकर हा घानातल्या गा भाषेतला शब्द. जमैकात जन्मलेल्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी तिथे काम करताना 1933 मध्ये या आजाराचं वर्णन छापलं, 1935 मध्ये तिथल्या बायकांचाच शब्द वैद्यकात आणला. अर्थ साधारण असा : पाठचं भावंड आलं की आधीच्या मुलाला होणारं दुखणं. धाकटं पोटात आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध तुटतं आणि त्याच्या वाट्याला मक्याची पेज येते. ‘सुजवटी’ लक्षण सांगते, गा शब्द घरातली परिस्थिती सांगतो.

प्रतिसाद : थोडा आक्षेप. यावरून ‘लेकरं फार म्हणून आजार’ असं कुणी काढू नये. पाठोपाठची बाळंतपणं घातकच, पण मुलं जगतील याची खात्री नसते तिथे माणसं जास्त मुलं होऊ देतात. बांगलादेशात 1970 च्या दशकात बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत, आता दोनाच्या आसपास. देश श्रीमंत होण्याची वाट कुणी पाहिली नाही. गर्भनिरोधकं दारात पोचवली, जुलाबाला मीठ-गुळाचं पाणी कसं द्यायचं ते आयांना घरोघरी शिकवलं.

शिवाय निव्वळ प्रथिनं कमी पडली म्हणून सुजवटी, हे जुनं समीकरणही आता पुरत नाही. आफ्रिकेतल्या मलावीत एकाच घरात, एकाच ताटातलं खाणाऱ्या जुळ्यांपैकी एकालाच ती झालेली आढळली.

विचारणा : मग अनुवादात काय लिहू?

प्रतिसाद : सामान्य वाचकासाठी ‘सुजवटी’, पहिल्यांदा येईल तिथे कंसात क्वाशिओरकर. फक्त ‘सुकटी’ लिहिताना संदर्भ स्पष्ट ठेवा, कोकणातला वाचक आधी सुकी मासळी समजेल.