पाच वाजता कामावर आलेल्यालाही पूर्ण हजेरी: माणसाची किंमत ठरवतं कोण?

घणसोलीकर
गेल्या जूनमध्ये महापेतल्या एका कंपनीने मला कमी केलं. एकोणीस वर्षं तिथले हिशेब सांभाळले होते, वय सत्तेचाळीस. पुढचे तीन महिने मी रोज साडेआठला आवरून बसायचे, शेजारणीने विचारू नये म्हणून. घरात कोणी एका शब्दाने बोललं नाही, तरी आपली अडचण होतेय असं वाटायचं.

एका रविवारी आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी (धर्मगुरूंनी) बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला, 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घेतली. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला. पाच वाजता चौकात अजून काही जण उभेच. का उभे, तर कोणी कामावर घेतलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दीनार, म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी.

दाखला लहानपणापासून पाठ. पण पाच वाजताच्या त्या माणसाच्या जागी मी स्वतःला कधी उभं केलं नव्हतं. कोपरखैरण्याच्या नाक्यावर सकाळचे अकरा वाजले तरी डब्याची पिशवी धरून उभी राहिलेली माणसं मी वर्षानुवर्षं रिक्षातून पाहिली आहेत. तासाभराच्या मजुरीत त्यांच्या घरची चूल पेटत नाही, हे मालकाला कळतं. म्हणून तो पूर्ण दीनार देतो. माझी किंमत पगाराच्या कागदावर कधीच नव्हती, हे मला येशूने त्या दिवशी सांगितलं. तुम्हाला काय वाटतं?

नौपाडा_ठाणे
ताई, नोकरीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा फक्त मालक बदलला. आधी कंपनी किंमत ठरवायची, आता देव. ज्याचा देवावर विश्वासच नाही, त्याने काय करायचं? आणि पहाटेपासून उन्हात राबलेल्यांचं काय? माझे वडील वागळे इस्टेटमध्ये पाळ्या करायचे. ओव्हरटाइमच्या एकेका तासासाठी भांडावं लागलं. कामगाराला हा दाखला परवडणारा नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बायका-मुली आणल्या, केडगावला त्यांना छापखान्याचं, विणकामाचं काम शिकवलं. हाताला काम मिळालं म्हणून त्या ताठ उभ्या राहिल्या.

घणसोलीकर
दादा, पहाटेच्यांचा एक पैसाही कापला नव्हता. ठरलेला दीनार त्यांना मिळाला. आणि रमाबाईंनी त्या मुलींना आणलं, तेव्हा त्यांना कुठे छापखान्याचे खिळे जुळवता येत होते? हाडांचे सापळे होते ते. आधी पोटाशी धरलं, काम नंतर शिकवलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

विश्वास नसलेल्याची किंमत कमी असं मी म्हणणारच नाही. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, हे बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि तिथे ख्रिस्ती-अख्रिस्ती काही नाही. किंमत असतेच. मला ती विश्वासामुळे दिसली.

दिघा_ऐरोली
मी ख्रिस्तीच, आजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला. दाखला मलाही प्रिय आहे. पण ताई, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे आमच्यासारख्या दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातीत धरत नाहीत. शिखांना 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये त्यात घेतलं. आम्ही बाहेरच. का, तर ख्रिस्ती धर्मात जात नाही. मग माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी मंडळीतल्याच माणसांनी आमचं मूळ का विचारलं? मनातल्या मनात किंमत कळून भागत नाही. बाबासाहेबांनी स्वाभिमान मिळवायला शिकवला, संघटना करून, कायदा करून.

नौपाडा_ठाणे
हेच मला म्हणायचं होतं.

दिघा_ऐरोली
नाही दादा, पूर्ण तेच नाही. वडील ठाण्यात गटारं साफ करायचे. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून उपासनेला पुढच्या बाकावर बसायचे. तिथे त्यांना कोणी उठवलं नाही. तेवढ्या दीड तासावर त्यांचा आठवडा निघायचा. ते खोटं होतं असं मी कोणालाही म्हणू देणार नाही.

घणसोलीकर
लग्नाच्या वेळी मूळ विचारणारे आमच्या मंडळीतही आहेत. मी ऐकलंय आणि गप्प बसलेय. नोकरी गेल्यावर मला जे टोचलं, तेच आपण तुमच्या बहिणीला केलं. याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. या रविवारी पाळकांपुढे हा विषय काढते.