नाशिकची सेवा निर्यात किती? आकडा कुठे मिळेल?

गोदाकाठची

नमस्कार. एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय मीच हट्टाने घेतला: नाशिक जिल्ह्यातून परदेशी विकल्या जाणाऱ्या सेवा. सर म्हणाले होते, "द्राक्षं घे, कांदा घे, आकडे आयते मिळतील." मी म्हटलं, द्राक्षांवर दर वर्षी चार जण लिहितात. आता पस्तावते आहे.

मालाचं सोपं आहे. शिपिंग बिलावर माल कोणत्या जिल्ह्यातला हे २०२० पासून लिहावंच लागतं. सेवांसाठी रिझर्व्ह बँकेचा देशाचा आकडा सापडला, २०२३-२४ साली निर्यात सुमारे ३४१ अब्ज डॉलर. त्याखाली दहा-बारा रकाने. त्यात जिल्हा नाही, राज्यसुद्धा नाही.

म्हटलं घरापासून सुरुवात करू, तर तिथेही अडले. आई गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमधून पहाटे साडेपाचला अमेरिकेतल्या बायकांचा ऑनलाइन योगवर्ग घेते. बाबा अंबडच्या एका कारखान्यात आहेत, गेल्या वर्षी चार महिने ओमानला मशीन बसवायला गेले होते. भाऊ तीन वर्षं दुबईत नोकरीला, घरी पैसे पाठवतो. मामेबहीण जर्मनीला शिकायला गेली, तिच्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीकच काढता येतात) मामांनी ११,९०४ युरो एका दमात पाठवले. यातलं काय सेवा व्यापारात धरायचं आणि काय नाही?

अजून एक. आपण अमेरिकेला विकलेल्या सेवांचा आपला आकडा आणि अमेरिकेने आपल्याकडून घेतल्याचा त्यांचा आकडा कधीच जुळत नाही असं वाचलं. मग खरं कोणाचं मानायचं?

सीबीएसवाला

इतका विचार कशाला? डॉलर आले की एक्सपोर्ट. भावाचे पैसे पण धर, आकडा फुगेल, सर खूश. बाकी साडेपाचला योग घेणाऱ्या काकूंना दंडवत, आम्ही त्या वेळी झोपायला जातो.

टेबल नंबर सात

गोदाकाठची, तुझ्या वयाची नात आहे मला, म्हणून 'अगं' म्हणतो, राग मानू नकोस.

मी बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा परकीय चलनाच्या टेबलावर. ज्या आकड्यांवर तू लिहिणार आहेस ते माझ्यासारख्यांच्याच हातून वर गेलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

सीबीएसवाले, डॉलर आले म्हणजे सेवा विकली असं होत नाही. आधी विचारायचं, देणारा कुठला रहिवासी आणि घेणारा कुठला? यात पासपोर्ट बघत नाहीत. वर्षभर किंवा त्याहून जास्त जिथे बस्तान, तिथला तो रहिवासी. तिचा भाऊ हिशेबापुरता दुबईकर झाला. त्याचा पगार हा दुबईचा घरचा मामला, आणि तो आईला पाठवतो ते व्यक्तिगत हस्तांतर. बँकेत त्याला पी-१३०१ हा कोड लागतो, कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेली रक्कम. सेवांच्या रकान्याशी त्याचा संबंध नाही.

बाबांचं जास्त मजेचं. कारखान्याने मशीन बसवण्याचं बिल ओमानच्या कंपनीला लावलं आणि बाबांना पगार अंबडहूनच मिळाला, तर ते बिल सेवा निर्यात. तेच बाबा ओमानी मालकाकडे चार महिन्यांच्या नोकरीवर गेले असते, तर त्यांचा पगार 'कर्मचाऱ्यांचा मोबदला' म्हणून उत्पन्नाच्या खात्यात बसला असता. पाना तोच, मशीन तेच, खातं वेगळं.

मामेबहीण: शिकायला आणि उपचाराला गेलेल्यांना वर्षाचा नियम लागत नाही. ती दोन वर्षं राहिली तरी हिशेबात नाशिककरच, आणि तिची फी, खोलीभाडं, ब्रेड-बटर सगळं भारताची सेवा आयात, तेही 'प्रवास' या रकान्यात. आईचा योगवर्ग हेही शिक्षणच, पण ते तारेवरून जातं म्हणून 'वैयक्तिक, सांस्कृतिक आणि मनोरंजन सेवा' या रकान्यात. म्हणजे 'शिक्षण निर्यात' असा एकच रकाना शोधत बसलीस तर सापडणार नाही, दोन ठिकाणचं गोळा करावं लागेल.

ब्लॉक्ड अकाउंटबद्दल खरं सांगू का, नियमाने ते ११,९०४ युरो गेले त्या दिवशी आयात होतच नाही. ती तिची जर्मनीतली ठेव. दर महिन्याला जेवढे काढून खर्च करेल तेवढी आयात. पण काउंटरवर पूर्ण रकमेला एस-०३०५, शिक्षणासाठी प्रवास, हा कोड लागतो आणि विषय संपतो. म्हणून कॉलेजं सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यांत हा आकडा उसळलेला दिसला तर मुलींनी एका महिन्यात वर्षाचं किराणा भरलं असं लिहू नकोस.

आता कोडांविषयी. बाहेरून पैसे आले की बँकेने प्रत्येक रकमेला पर्पज कोड लावायचा आणि ती माहिती रिझर्व्ह बँकेला जायची. देशाची सेवांची आकडेवारी मुख्यतः यावर उभी आहे, जोडीला सॉफ्टवेअर कंपन्यांचं वार्षिक सर्वेक्षण. ऐकायला चोख वाटतं. प्रत्यक्षात दुपारी तीनला टेबलावर चाळीस एन्ट्र्या असायच्या. ग्राहकाला फोन लावून विचारलं, "साहेब, पैसे कशाचे?" तर उत्तर यायचं, "नेहमीचा कोड टाका ना." नेहमीचा म्हणजे पी-०८०२, सॉफ्टवेअर सल्ला. कोणी मशीनची डिझाइनं केलेली असोत, कोणी इंग्रजी पत्रांची भाषांतरं, आमच्याकडे सगळे सॉफ्टवेअरवाले. मीही टाकलाय, निदान शंभर वेळा. आज लाज वाटते, पण त्या वेळी ग्राहकाचे पैसे संध्याकाळच्या आत जमा करणं महत्त्वाचं वाटायचं.

त्यामुळे माझं मत असं: एकूण बेरीज भरवशाची, कारण पैसे खरोखर आलेले असतात. आतल्या रकान्यांच्या भिंती मात्र कुडाच्या आहेत. 'सॉफ्टवेअर' आणि 'इतर व्यवसाय सेवा' यांतल्या दोन-चार टक्क्यांच्या फरकावर सिद्धांत मांडू नकोस.

अमेरिकेचं संध्याकाळी लिहितो, बीपीची गोळी घ्यायची आहे.

सातपूरकर

काका, तुम्ही मला आज उघडं पाडलंत. आमचं अकरा जणांचं ड्रॉइंग ऑफिस, एका जर्मन मशीन कंपनीसाठी कॅड ड्रॉइंग करतो. आत्ता मागच्या दोन वर्षांच्या बँकेच्या स्लिपा काढून बघितल्या. सगळीकडे पी-०८०२. इंजिनिअरिंग सेवांना वेगळा कोड असतो हे आज कळलं.

गोदाकाठची ताई, तुमच्यासाठी आणखी वाईट बातमी. आमची कंपनी नोंदवली आहे पुण्यात, कारण भागीदार पुण्याचा. पैसे येतात मुंबईच्या शाखेत, कारण परकीय चलनाचं काम तिथे एकवटलंय. काम होतं सातपूरला. उद्या जिल्हावार यादी निघालीच तर आम्ही नाशिकचे दिसणारच नाही. द्राक्षाला निदान माती तरी असते.

दिंडोरीचा पोऱ्या

माती असून काय उपयोग, आम्हालाही कळत नाही. न्हावा शेव्याहून आमचा कंटेनर रॉटरडॅमला जातो. भाडं मीच भरतो, जहाज परदेशी. मग मी द्राक्षं निर्यात करतो आणि वाहतूक आयात करतो का?

टेबल नंबर सात

दिंडोरीकर, प्रश्न झकास. करत नाही. निर्यातीची किंमत बंदरावर जहाजात माल चढेपर्यंतची धरतात. तिथून पुढचं भाडं तुम्ही भरलं तरी हिशेबात ते पलीकडच्या खरेदीदाराने भरलं असं मानतात, कारण शेवटी तुम्ही ते दरात लावलेलंच असतं. मग परदेशी जहाज आणि परदेशी खरेदीदार, दोघंही बाहेरचे, आपल्या वहीत नोंदच नाही. जहाज भारतीय असतं तर तेच भाडं आपली सेवा निर्यात झाली असती.

आता अमेरिका. न जुळणारे आकडे ही जुनी दुखणी आहेत. अमेरिकी संसदेची हिशेब तपासणारी संस्था, जीएओ, हिने २००५ साली यावर अहवालच काढला. २००३ सालासाठी अमेरिकेच्या नोंदीत भारताकडून घेतलेल्या व्यापारी, व्यावसायिक आणि तांत्रिक सेवांची आयात ४२ कोटी डॉलर, आणि साधारण त्याच काळासाठी भारत सांगत होता ८.७ अब्ज डॉलर. वीसपट! कोणी खोटं बोलत नव्हतं. अमेरिकेच्या त्या आकड्यात एकाच कंपनीच्या शाखांमधले व्यवहार धरलेले नव्हते, आपल्याकडे होते. आपले इंजिनिअर तिथे जाऊन काम करायचे ती कमाई आपण निर्यातीत धरायचो, तर वर्षाहून जास्त राहिलेला माणूस अमेरिकेच्या लेखी तिथला रहिवासी. यंत्रासोबत गेलेलं सॉफ्टवेअर कोणी मालात धरलं, कोणी सेवेत. शिवाय तिकडच्या सर्वेक्षणातून काही सेवा खरेदी करणारे सुटायचे.

तेव्हा खरं कोणाचं असं विचारू नकोस. दोन्ही आकडे शेजारी मांड आणि कोणत्या व्याख्येमुळे किती फरक पडू शकतो ते शोध. जागतिक व्यापार संघटना आणि ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) मिळून दोन्ही बाजूंचे आकडे ताळ्यावर आणलेली माहिती प्रसिद्ध करतात, बाटिस नावाने. देशादेशांतली तुलना करायची तर ती घे. फक्त त्यातले बरेच आकडे अंदाजाने भरलेले असतात, ते तळटीपेत लिही.

आणि चार वाटा विसरू नकोस. १९९५ पासून लागू असलेल्या गॅट्स करारात, म्हणजे सेवा व्यापाराच्या जागतिक करारात, सेवा परदेशी पोचायच्या चार पद्धती आहेत, तुम्ही मुलं 'मोड' म्हणता. आईचा योग पहिली, सेवा तारेवरून गेली. इगतपुरीला धम्मगिरीवर परदेशी साधक येतो, शिबिराची फी नसते, ते दानावर चालतं, पण त्याची टॅक्सी आणि आधी-नंतरचं हॉटेल ही दुसरी, गिऱ्हाईक इकडे आलं. बाबा चौथी. तिसरी म्हणजे परदेशी कंपनीने इथेच आपली कंपनी काढून सेवा विकायची. जागतिक व्यापार संघटनेच्याच अंदाजाने २०१७ साली जगातल्या सेवा व्यापारात तिचा वाटा जवळपास साठ टक्के होता. आणि गंमत बघ, रिझर्व्ह बँकेच्या ३४१ अब्जात ही वाट नाही, कारण इथे नोंदलेली कंपनी इथली रहिवासी, तिचा इथल्या गिऱ्हाइकाशी व्यवहार रुपयात. आपल्या कंपन्यांच्या परदेशातल्या शाखाही तशाच सुटतात. व्यवहारतोलाचे, म्हणजे देशाच्या परदेशाशी देवघेवीच्या हिशेबातले, आकडे म्हणजे पूर्ण सेवा व्यापार असं लिहिलंस तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल.

गोदाकाठची

काका, किती आभार मानू. म्हणजे जिल्ह्याचा आकडा नाहीच? प्रकल्प बदलू का?

टेबल नंबर सात

बदलू नकोस. नाव बदल. 'नाशिकची सेवा निर्यात किती' ऐवजी 'नाशिकची सेवा निर्यात आकडेवारीत कुठे हरवते'. सातपूर, अंबड, कॉलेज रोड इथली तीस-चाळीस ऑफिसं गाठ. प्रत्येकाला पाच गोष्टी विचार: काम प्रत्यक्ष काय, गिऱ्हाईक कुठलं, नोंदणी कुठे, पैसे कोणत्या शाखेत, स्लिपेवर कोड कोणता. रक्कम विचारू नकोस, कोणी खरी सांगत नाही. टप्पे दे, पाच लाखांखाली, पाच ते वीस, असे. मिळालेल्या नमुन्यावरून जिल्ह्याचा आकडा मात्र काढू नकोस. तीस ऑफिसांचा गुणाकार करून अब्ज काढणारे बरेच पाहिलेत.

आणि रुपये किंवा डॉलर, कोणतं तरी एकच चलन धरून चाल. रुपया घसरला की रुपयातली निर्यात काही न करता वाढते.

सातपूरकर

माझ्यापासून सुरू करा. दोन वर्षांच्या स्लिपा देतो, रकमा झाकून. शेजारच्या गाळ्यात भाषांतरवाले आहेत, त्यांनाही बोलतो. चहा आमच्याकडे.

गोदाकाठची

शनिवारी येते दादा. जाता जाता एक सांगते. काकांचं वाचून आईच्या स्लिपा बघितल्या. तिच्या अमेरिकेतल्या बायका कुठल्याशा ॲपवरून थेट बचत खात्यात पैसे पाठवतात. कोड पी-१३०१, कुटुंबाचा निर्वाह. म्हणजे चार वर्षं पहाटे उठून ती सेवा निर्यात करतच नाहीये, बायका तिला पोसतायत!

आईला सांगितलं तर म्हणाली, "बायका गोड आहेत गं, पण एकीने अजून मार्चची फी दिलेली नाही. कुटुंब कसलं."