चावल्यावर पहिलं काय केलंत?

परवा शेजारच्या पोराला गांधीलमाशी डसली. दोन मिनिटांत चुना, तुळशीतली माती, लोखंडाचा विळा, सगळं हजर! तुम्हाला काय चावलं आणि पहिल्या तासात काय केलंत, तेवढंच लिहा. ज्ञान नको.

लालमाती
महाडकडचं गाव, मी आठवीत. पेंढा काढताना लाल विंचू. इंगळीच्या निम्मासुद्धा नव्हता. जागा फारशी ठणकत नव्हती म्हणून घरचे निर्धास्त, उतरवणाऱ्याला निरोपही गेला. तासाभरात अंगातला सदरा घामाने पिळून निघाला, उलट्या सुरू, हातपाय गार. काकू म्हणाली, "उतरवतोस काय, पोर थंड पडत चाललंय!" आणि रिक्षात घातलं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांमुळे विंचवावर प्राझोसिन द्यायचं हे आमच्याकडच्या दवाखान्यांत माहीत झालं होतं. रक्तदाबाची साधी गोळी. दर तीन तासांनी एक, हातपाय गरम होईपर्यंत. नर्सताई रात्रभर माझी पावलं चाचपत होत्या. पहाटे म्हणाल्या, "आली ऊब."

रात्रपाळी
मला चावलंच नाही काही. पावसाळा, ट्यूबलाईट, मानेवर काहीतरी वळवळलं, चिरडलं. सकाळी लाल पट्टा, संध्याकाळी फोड. आईचं निदान नागीण, गेरू लावून मोकळी. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा होता का?" तो चावत नाही, चिरडल्यावर त्यातलं पाणी भाजतं. साबणाने लगेच धुतलं असतं तर एवढ्यावर गेलं नसतं. आता फुंकर मारतो.

काजूबाग
दोडामार्ग. २०१६ मध्ये आमच्याकडे माकडतापाची, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या तापाची, साथ आली, ऐन काजूच्या हंगामात. गोचीड चावल्याचं मला कळलंच नाही, पिल्लं खसखशीएवढी असतात. ताप, डोकं फुटतंय असं, कंबर मोडल्यागत. पहिल्या तासात काय केलं? काहीच नाही. मलेरिया समजून चार दिवस काढले, मग रक्त तपासलं. यावर नेमकं औषध नाही. सलाईन, आराम आणि लक्ष ठेवणं. बागेत आधी मेलेलं माकड दिसलं होतं, ते कुणाला सांगायचं असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेवगा
सुरवंट. चोळू नका, चिकटपट्टी लावून कुसं उपटा. मी चोळलं होतं.

लालमाती
@काजूबाग, आता बागेत जाताना काय करता?

काजूबाग
पायजमा मोज्यात खोचतो. घरी आलो की कपडे थेट गरम पाण्यात. बायको आधी कानामागे बघते, मग चहा देते.